बत्तिसाव्या वर्षी पेसमेकर, आणि वडिलांचा जुना ईसीजी

ठाण्यातल्या वर्तकनगरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. जागेअभावी थोडं आवरून देतो.

"माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. घणसोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्स इंजिनिअर आहे. सिगारेट नाही, दारू नाही, शुगर-बीपी काही नाही. दोन महिने झाले, जिना चढला की दम लागतो म्हणत होता. परवा घणसोली स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला. शुद्ध लगेच आली. हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला तर ठोके ३८. कम्प्लीट हार्ट ब्लॉक आहे, पेसमेकर बसवावा लागेल म्हणाले. इको नॉर्मल, अँजिओग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, 'कधी कधी कारण सापडत नाही.' भाऊ हट्टाला पेटलाय: कारण कळल्याशिवाय मशीन बसवणार नाही, सही करून घरी जातो. मामा म्हणतात, त्यांचा मुलगा रोज येऊरला पळतो, त्याचे ठोके ४४ असतात, त्याला कुणी पेसमेकर लावला का? आई अर्जुनसालीचा काढा देऊ या म्हणते. त्यात साखरपुडा झालाय, लग्न मार्गशीर्षात आहे. मुलीकडच्यांना 'ॲसिडिटीमुळे चक्कर आली' असं सांगायचं घरात ठरतंय. काय करावं? (आमचे वडील ४४ व्या वर्षी झोपेत गेले. अटॅक म्हणाले. त्यामुळे आईनं फार धसका घेतलाय.)"

ताई,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: भावाला मॉनिटरवरून हलवू नका आणि त्या कागदावर सही करू देऊ नका. आता बाकीचं सविस्तर.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी निदान करत नाही, ते समोरच्या डॉक्टरांनी केलेलं आहे. पण ईसीजीचा कागद तुमच्या हातात आहेच, तर भावाच्या पलंगाशेजारी बसून दोघांनी तो एकदा नीट बघा. मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. छोटे बुटके उंचवटे दिसतील, ते हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे. दर साडेतीन चौकोनांना एक येतो. ३०० ला साडेतीननं भागा, मिनिटाला ८५ च्या आसपास. म्हणजे वरचे कप्पे ठणठणीत आहेत. आता उंच टोकदार रेघा मोजा, त्या खालच्या कप्प्यांच्या. दोन रेघांमध्ये आठ चौकोन, म्हणजे ३७-३८. आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही: बुटका उंचवटा कधी रेघेच्या अगदी आधी आहे, कधी तिच्या पोटात लपलाय, कधी मागच्या लाटेवर चढून बसलाय. एका घरात राहून बोलणं टाकलेल्या दोन भावांसारखं चाललंय. वरून निघालेला विजेचा संदेश मधल्या गाठीतून, म्हणजे एव्ही नोड आणि त्याखालच्या तारांमधून, खाली पोचतच नाही. खालचे कप्पे आपल्या हिमतीवर जमेल तसे ठोके देतायत.

आणखी एक बघा. ती उंच रेघ रुंद आहे, साडेतीन छोटे चौकोन, ०.१४ सेकंद. याचा अर्थ राखीव ठोके बरेच खालून निघतायत. इतक्या खालून निघणाऱ्या ठोक्यांचा भरवसा नसतो. ते कधीही काही सेकंद थांबू शकतात, आणि थांबले की माणूस कोसळतो. जिन्यावर बहुधा तेच झालं. अँजिओग्राफी नॉर्मल आल्यानं फक्त एवढंच कळलं की रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. भावाचा बिघाड विजेच्या वाटेत आहे, तिथे ना स्टेंट कामाचा ना काढा. अर्जुनसालीबद्दल आईंना दुखवू नका, पण सध्या हॉस्पिटलच्या गोळ्यांखेरीज तोंडात काही जाऊ देऊ नका. याआधी काढे, चूर्णं, जिमची पावडर, अर्धशिशीवरची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी असं काही चालू होतं का, तेही डॉक्टरांना सांगा. काही औषधांनीही ठोके असे मंदावतात, आणि ती बंद केली की कधी कधी सुधारतात.

मामांच्या मुलाचं वेगळं आहे. रोज पळणाऱ्या माणसाचे ठोके आरामात ४४ असणं हे कमावलेल्या शरीराचं लक्षण आहे. झोपेत त्याचा एखादा ठोका गळलेलाही दिसेल, त्यालाही सहसा काही करावं लागत नाही. कसोटी सोपी आहे: तो येऊरचा चढ चढू लागला की ठोके १५०-१६० ला जातात. तुमच्या भावाचे जिना चढतानाही चाळिशीच्या आसपासच अडकतात, म्हणून तर दम लागत होता. मामांना हे एवढंच सांगा, वाद घालू नका.

आता भावाच्या हट्टाकडे येतो. त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, अट चुकीची आहे. सत्तरीतल्या माणसाला असा ब्लॉक झाला तर डॉक्टर फारसे खोलात जात नाहीत, कारण वयानं त्या तारा जीर्ण होणं हेच बहुतेकदा कारण असतं. बत्तिशीत तारा जीर्ण होत नाहीत. त्यामुळे 'कधी कधी कारण सापडत नाही' हे वाक्य इको आणि अँजिओग्राफीवर थांबून म्हणणं मला पटत नाही. ते वाक्य खरं आहे, पण पुढच्या तपासण्या झाल्यावर म्हणायचं. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २०१५ या काळात वयाच्या पन्नाशीआधी ब्लॉकसाठी पेसमेकर बसवलेल्या १,०२७ जणांच्या नोंदी तपासल्या, त्यात जवळपास निम्म्यांच्या फाइलवर कारण नव्हतं. दुसरीकडे फिनलंडमध्ये अशाच 'कारण नसलेल्या' तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांचा कसून शोध घेतला, तेव्हा चारातल्या एकाच्या आसपास लोकांत हृदयाच्या स्नायूला सूज आणणारा आजार निघाला, मुख्यतः सार्कॉइडोसिस.

सार्कॉइडोसिसमध्ये शरीरात ठिकठिकाणी सुजेच्या बारीक गाठी होतात: फुप्फुसात, छातीतल्या लसिकाग्रंथींमध्ये, डोळ्यात, त्वचेवर आणि हृदयातही. हृदयात त्या नेमक्या विजेच्या वाटेवर झाल्या की ब्लॉक होतो, आणि इको तरीही नॉर्मल दिसू शकतो. आपल्याकडे यात टीबीची मेख आहे. दोन्ही आजारांत छातीतल्या ग्रंथी सुजतात, स्कॅनवर दोन्ही सारखे दिसू शकतात, आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट: सार्कॉइडोसिसला स्टेरॉइड, आणि टीबी असताना नुसतंच स्टेरॉइड दिलं तर टीबी फोफावतो. म्हणून स्कॅनमध्ये ग्रंथी दिसल्या तर तुकडा काढून तपासायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. भावाला कोरडा खोकला, डोळे लाल होणं, नडगीवर दुखऱ्या लालसर गाठी, संध्याकाळचा बारीक ताप असं वर्षभरात काही झालं होतं का, आठवा. डेंग्यूसारखा ताप नुकताच येऊन गेला असेल तर तेही. अशा तापात हृदयाला सूज येऊन झालेला ब्लॉक बऱ्याचदा आपोआप जातो. काहींना तर हा ब्लॉक जन्मापासून असतो आणि पंचविशी-तिशीत कळतो. त्यामागे आईच्या रक्तातली काही प्रतिपिंडं असतात, त्यासाठी आईंचीही एक रक्ततपासणी सुचवतील. पण जन्मजात ब्लॉकमध्ये ती रेघ बहुधा अरुंद असते, भावाची रुंद आहे.

या शोधात क्रम सांभाळावा लागतो. हृदयाचा एमआरआय पेसमेकर बसवायच्या आधी झाला तर उत्तम. हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआय चालणारे असतात हे खरं, पण डबीच्या धातूमुळे चित्रावर नेमकी हृदयाच्या आसपास सावली पडते आणि बारीक डाग बघायचे राहतात. तेव्हा आज राउंडला डॉक्टर आले की विचारा: 'पेशंट स्थिर असेल तर एमआरआय आधी करता येईल का?' हॉस्पिटलात, मॉनिटरवर, एक-दोन दिवसांत जमत असेल तरच. एमआरआयसाठी घरी जाऊन पंधरा दिवस तारखेची वाट बघणं नाही. भाऊ पुन्हा बेशुद्ध झाला, किंवा मांडीतून किंवा मानेतून तात्पुरत्या पेसमेकरची तार घालायची वेळ आली, तर एमआरआयचा विचार सोडा आणि पेसमेकर लगेच बसवू द्या. हृदयात सूज कुठे आहे हे दाखवणारा दुसरा स्कॅन म्हणजे पेट (PET) स्कॅन. त्याला पेसमेकरची अडचण नसते, तो नंतरही होतो.

पेट स्कॅनसाठी पथ्य फार कडक आहे आणि आपल्या घरांत तेच बिघडतं. आदल्या दिवशी भात, पोळी, डाळ, उसळ, दूध, फळ, साखर, काही म्हणजे काही नाही. अंडी, चिकन, मासे, पनीर, तूप भरपूर. पापलेट चालेल, पण रव्यात घोळवलेलं नाही. चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मग रात्रभर कडकडीत उपास. मधेच कुणी मायेनं बिस्किट दिलं तर हृदयाचा निरोगी स्नायूही साखर ओढून चित्रात चकाकतो आणि स्कॅन वाया जातो. आईंना हे तुम्ही स्वतः समजावून सांगा.

आणि आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. ती तुम्ही कंसात, शेवटी लिहिली आहे. वडील ४४ व्या वर्षी झोपेत गेले. 'अटॅक' हे त्या वेळी सोयीचं उत्तर असतं, कुणी तपासलेलं नसतं. वडिलांचं तरुणपणी अचानक जाणं आणि मुलाला बत्तिशीत ब्लॉक, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की डॉक्टरांच्या मनात लॅमिन ए/सी नावाचं जनुक येतं. त्यात दोष असलेल्या घरांत विशी ते चाळिशीत आधी ब्लॉक होतो, ठोके अनियमित होतात, पुढे हृदय कमजोर पडू शकतं. आणि काही जणांचा पेसमेकर असूनही अचानक मृत्यू होतो, कारण पेसमेकर मंद ठोके सावरतो, बेफाम वेगानं थरथरणारं हृदय थांबवणं त्याचं काम नाही. असंच आहे असं मी म्हणत नाही, वडिलांना खरोखर अटॅकही आला असेल. पण ही ओळ भावाच्या केस पेपरवर लिहिली गेली आहे का? मला शंका आहे. आज लिहायला लावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांत वर्षाला एकदा मेडिकल होतं. वडील नोकरीत होते तर त्यांचा एखादा जुना ईसीजी कपाटातल्या फायलीत, विम्याच्या कागदांत, कुठे दबलेला आहे का शोधा. त्यावर ठोके मंद किंवा बुटका उंचवटा आणि उंच रेघ यांमधलं अंतर लांबलेलं दिसलं तर डॉक्टरांना तो हजार रुपयांच्या रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगेल.

हे सगळं पेसमेकरच्या आधी का, याचं उत्तर उपकरणाच्या निवडीत आहे. सार्कॉइडोसिस किंवा लॅमिनचा दोष ठरला, तर साध्या पेसमेकरऐवजी आयसीडी बसवावा का, असा प्रश्न येतो. आयसीडी पेसमेकरचं काम करतोच, शिवाय घातक लय सुरू झाली तर आतून झटका देऊन ती मोडतो. ते आकारानं मोठं असतं, महाग असतं, आणि कधी कधी नको तेव्हाही झटका देतं, म्हणून 'जास्तीचं ते घेऊन टाकू' हा हिशेब इथे करू नका. पण ज्याला लागणार आहे त्याला आधी साधा पेसमेकर आणि वर्षभरात पुन्हा कापाकापी, हेही टळलं तर बरं. सार्कॉइडोसिसमध्ये स्टेरॉइडनं काहींचा ब्लॉक सुटतो, तरी पुन्हा कधी होईल सांगता येत नाही म्हणून उपकरण बसवतातच. भावाची 'कारण कळू दे, मग बघू' ही अट म्हणूनच टिकत नाही. कारण काहीही निघो, आता हृदयाला आधार लागणार आहे.

दुसरा प्रश्न विचारायचा तो तारेच्या जागेचा. पेसमेकरची खालची तार वर्षानुवर्षं उजव्या कप्प्याच्या टोकावरून ठोका देत राहिली तर काही लोकांचं हृदय हळूहळू कमजोर होतं. सत्तरीत बसवलेल्या माणसाला याची झळ लागेल न लागेल. तुमच्या भावाला पुढची चाळीस-पन्नास वर्षं जवळजवळ प्रत्येक ठोका यंत्राकडून मिळणार आहे. हल्ली तार हृदयाच्या स्वतःच्या विजेच्या वाटेवर, डाव्या शाखेजवळ रोवायचं तंत्र आपल्या मोठ्या केंद्रांमध्येही चांगलं रुळलंय. 'कंडक्शन सिस्टिम पेसिंग करता का, किती करता?' असं सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. तारेशिवायचा, थेट हृदयात बसणारा छोटा पेसमेकरही मिळतो. पण इतक्या तरुण माणसात पुढे तो बदलायचा कसा, काढायचा कसा हे प्रश्न आहेत, माझी पहिली पसंती तो नसेल.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला भाऊ घाबरत असेल तर सांगा, डाव्या कॉलरबोनखाली जागा बधिर करून बोटभर लांबीचा छेद, शिरेतून दोन तारा, कातडीखाली पंचवीस-तीस ग्रॅमची डबी. तास-दोन तासांचं काम, बहुतेक एक-दोन रात्रींत घरी. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं, मग तारा चांगल्या असतील तर फक्त डबी बदलतात. 'आयुष्यभर मशीनवर' या भीतीवर मी नेहमी एकाच माणसाचं नाव घेतो: आर्ने लार्सन. जगात पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्वीडनमध्ये या ४३ वर्षांच्या इंजिनिअरला बसवला. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे त्यांना वीसहून जास्त पेसमेकर बदलावे लागले, आणि लार्सन २००१ साली, ८६ व्या वर्षी वारले. ते यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि बसवणारे सर्जन सेनिंग, दोघेही त्यांच्या आधी गेले. तेव्हाच्या त्या बेभरवशाच्या यंत्रांच्या मानानं आजची यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत.

घरी आल्यावर महिना-दीड महिना डावा हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, पण खांदा अगदी बांधूनही ठेवायचा नाही, आखडतो. तोवर लोकलची कडी उजव्या हातानं, सॅक उजव्या खांद्यावर. बाइक डॉक्टर म्हणतील तेव्हा. मोबाइल डाव्या वरच्या खिशात नको, इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. मॉलच्या किंवा मेट्रोच्या दारातून चालत निघून जावं, तिथे रेंगाळू नये, पेसमेकरचं कार्ड जवळ ठेवावं. खरा प्रश्न त्याच्या कामाचा आहे. मेंटेनन्समध्ये वेल्डिंग, मोठ्या मोटारी, जनरेटर यांच्याशी गाठ असणार. कुठल्या यंत्राजवळ किती अंतर ठेवायचं ते पेसमेकर कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्या आणि तो कागद कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला द्या. बहुतेकांची नोकरी टिकते, फार तर टेबल बदलतं.

खर्चाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगून ठेवतो. कंपनीच्या मेडिक्लेमला मंजुरी मागताना पेसमेकर आणि आयसीडी दोन्हींचा आकडा कळवा, ऐन वेळी बदल झाला की अडतं. विमा पुरणार नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना भेटा.

समजा एमआरआय, पेट, जनुक तपासणी सगळं झालं आणि तरीही काही निघालं नाही. तसंही होतं. तेव्हा 'सुटलो' म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका. डेन्मार्कच्याच त्या नोंदींमध्ये, कारण न सापडलेल्या तरुणांचा सुमारे दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १५ टक्क्यांच्या आसपास लोकांना हृदय कमजोर होऊन भरती होणं, घातक लय किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी झालं. त्याच वयाच्या इतर लोकांत हे प्रमाण ३ टक्के होतं. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी ठीक राहिले, हे आधी भावाला सांगा. पण उरलेल्यांपैकी काहींचा आजार पहिल्या वेळी कागदावर उमटलेला नव्हता, इतकंच. दरवर्षी इको, पेसमेकरची तपासणी, आणि दम, धडधड, चक्कर यांतलं काही नवं सुरू झालं की स्कॅन पुन्हा.

आणि ताई, तुमचाही ईसीजी आणि इको काढा. या आठवड्यात. भावाच्या जनुक तपासणीत काही निघालं तर तुमच्यात ते असण्याची शक्यता निम्मी आहे. तुम्हाला काहीही होत नसेल तरीही. भाऊ हॉस्पिटलात असताना स्वतःची तपासणी पुढे ढकलणाऱ्या बहिणी मी फार बघतो.

राहिलं लग्न. ॲसिडिटीची गोष्ट चार दिवस टिकेल. कॉलरबोनखालचा व्रण आणि हाताला लागणारी डबी हळदीच्या दिवशी सगळ्यांना दिसेल. पेसमेकर घेऊन लोक लग्न करतात, नोकरी करतात, मुलं वाढवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलंत तर उद्या ती मुलगी आजाराबद्दल तक्रार करणार नाही, तुमच्या खोटं बोलण्याबद्दल करेल, आणि तिचं बरोबर असेल. शिवाय जनुकाचा दोष निघाला तर मुलांचा विषय येतो. तो निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आहे. भावानं स्वतः तिला फोन करावा, आईंनी नाही, मामांनी तर नाहीच. मग डिस्चार्जआधी ती आणि तिचे आई-वडील येऊन डॉक्टरांसमोर बसू देत, त्यांच्या मनातलं त्यांनाच विचारू देत. मार्गशीर्षाला अजून वेळ आहे. जनुकाचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, लग्नाची पत्रिका छापायला तेवढं थांबता येईल.